पंपाचं दोनशे लिटर पाणी

तारीख १० डिसेंबर १९७२, रविवार, दुपारी साडेबाराच्या सुमारास. रक्कम दोनशे लिटर पाणी. हजर माणसं : कॉलेजच्या पाणी समितीचे अध्यक्ष असलेले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, वसतिगृहाचे रेक्टर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, आणि बादल्या घेऊन रांगेत उभी असलेली वसतिगृहातली मुलं. ज्याचं पाणी होतं तो, म्हणजे भौतिकशास्त्र शिकवणारा मी, हजर नव्हतो. मी जेवायला घरी गेलो होतो.

रकमेत पैसे लिहिले नाहीत, कारण त्या वर्षी नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडे पैशानं पाणी मिळत नव्हतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. आमच्या तालुक्याच्या गावी टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. कॉलेजच्या वसाहतीत दर घराला सहा बादल्या ठरलेल्या, बादली पंधरा लिटरची. समितीचा माणूस टँकरच्या नळाशी उभा राहून बादल्या मोजायचा, आणि मोजलेलं पाणी ज्याचं त्याचं. कोणी त्यात आंघोळ करो, कोणी झाडाला घालो, दुसऱ्यानं विचारायचं नाही, असा समितीचाच ठराव होता. सूचक रसायनशास्त्राचे प्रमुख.

माझं दोनशे लिटर या सहा-सहा बादल्यांतलं होतं. दिवाळीपासून आम्ही टँकरच्या दर खेपेला एक बादली बाजूला काढत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. मुलगा दोन वर्षांचा होता. खरं म्हणजे ती एकटीच काढत होती, कारण पाच बादल्यांत दोन दिवस घर चालवणं तिला करावं लागत होतं, मला नाही. ती श्रीरामपूरकडची. माहेरच्या घरामागून कालवा वाहायचा. लग्नाआधी तिनं पाणी कधी मोजलं नव्हतं. त्या हिवाळ्यात ती भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी वरणात घालायची. गोधड्यांना तर पाऊस संपल्यापासून पाणी लागलेलं नव्हतं.

पाणी कशासाठी हवं होतं ते सांगतो. त्यावरूनच सगळं झालं.

प्रकाशाला धक्का असतो. उजेड ज्या वस्तूवर पडतो तिला तो थोडासा ढकलतो. हे जुनं ज्ञान आहे, पण धक्का इतका लहान की रोजच्या व्यवहारात कोणाला कळत नाही. त्या सुमारास परदेशातल्या एका मासिकात मी वाचलं की लेसरच्या झोतानं पाण्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म मणी ढकलता येतात, इतकंच नव्हे तर जागच्या जागी धरूनही ठेवता येतात. लेसर मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण आमच्या प्रयोगशाळेत सोडियमचा पिवळा दिवा होता, जो प्रत्येक कॉलेजात असतो, आणि सोडियमचा अणू नेमका तोच पिवळा प्रकाश गिळतो. गिळला की धक्का बसतो. सोडियमच्या वाफेची एक बारीक धार निर्वात नळीतून सोडायची, आडव्या बाजूनं तिच्यावर हा दिवा लावायचा, आणि धार किती सरकते ते पाहायचं. माझा हिशेब असा : एका धक्क्यानं अणूचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरनं बदलतो. अणू स्वतः सेकंदाला नऊशे मीटरनं धावत असतो. माझ्या नळीच्या लांबीत धार सरकणार एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी. हे जर्मनीत चाळीस वर्षांपूर्वी एकानं पाहिलेलं होतं. नवीन काही नव्हतं. पण ते मी माझ्या हातानं बांधलेल्या नळीत दाखवलं, तर पुण्याचे माझे मार्गदर्शक मला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी जागा देणार होते. एकच जागा होती. मुदत डिसेंबरअखेर. रीडिंगच्या वीस जोड्या हव्या होत्या, प्रत्येक जोडीत एक रीडिंग दिवा उघडा ठेवून आणि एक झाकून.

निर्वात करायला डिफ्यूजन पंप लागतो. त्याच्या तळाशी तेल असतं, खाली विजेची शेगडी. तेलाची वाफ वर जाते, नळीतली उरलीसुरली हवा खाली रेटते, आणि पंपाच्या थंड भिंतीवर आपटून पुन्हा तेल होऊन तळाला येते. भिंत थंड राहावी म्हणून तिच्याभोवती सतत पाणी फिरतं ठेवावं लागतं. शेगडी चालू आणि पाणी बंद, असं झालं की वाफ थंड होत नाही. ती उलट वर नळीत शिरते, आणि तेल जळतं. एवढंच लक्षात ठेवायचं.

एरवी नळाला पाइप जोडून पाणी गटारात सोडतात. त्या वर्षी मी तसं केलं असतं तर लोकांनी मला मारलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. म्हणून मी उंच घडवंचीवर एक पिंप ठेवलं, त्याला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. पिंपातून पाणी रबरी नळीनं पंपाभोवती फिरायचं, खालच्या पत्र्याच्या टबात पडायचं, आणि एक छोटी मोटर ते परत वर चढवायची. तेच पाणी पुन्हा पुन्हा. दिवसाला जेमतेम अडीच लिटर उडून जायचं, तेही मी घरून आणून ठेवलेल्या कळशीतून भरायचो.

बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचा पंप पाणी पीत नाही?"

"नाही. गरम करून परत देतो."

"मग माझी एक बादली त्यातली. आंघोळीला."

तिला अणूंचंही सांगितलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा आणखी एक गोष्ट घोळत होती, ती मी कुठंही लिहिली नाही, तिलाच बोललो. आडव्या उजेडानं अणू सरकतो, तर समोरून पडलेल्या उजेडानं तो मंदावला पाहिजे. वायू गरम असतो म्हणजे त्याचे अणू जोरात धावत असतात. अणू मंदावले म्हणजे वायू थंड झाला.

"उजेडानं थंड?" ती म्हणाली. "उन्हात ठेवलेलं दूध थंड झालेलं मी कधी पाहिलं नाही."

"समोरचा वारा असला की सायकलचा वेग कमी होतो ना, तसं."

"वेग कमी होतो, पण घाम येतोच की तुम्हाला."

मी फक्त आकडा सांगितला, की एक अणू थांबवायला तीस हजार धक्के लागतील, आणि माझ्या दिव्यात एका अणूच्या वाट्याला फार तर एक येईल, बहुतेकांच्या वाट्याला तोही नाही. ती म्हणाली, "मग राहू द्या त्याला धावत. आपण आपलं सरकवण्याचं बघू." 'आपण' हा शब्द तिनं वापरला. म्हणून हे लिहितो आहे.

रसायनशास्त्राचे प्रमुख माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. गोड बोलणारे, पान खाणारे, सगळ्यांच्या लग्नामुंजीत पुढे. प्राध्यापकांच्या खोलीत मी शिरलो की विचारायचे, "काय शास्त्रज्ञ, उजेडाचं वजन किती भरलं? छटाक की अदपाव?" लोक हसायचे, मीही हसायचो. त्यांना मी पाण्याचा सगळा प्रकार समितीच्या बैठकीत उभं राहून सांगितला होता : पाणी माझ्या घरच्या वाट्याचं आहे, ते वाया जात नाही, फिरतं आहे, उडेल तेवढं मी घरून भरीन, आणि प्रयोग संपला की मी ते वसतिगृहाला देणार आहे. ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, बसा."

आठ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी मी पंप सुरू केला. नळी पुरती निर्वात व्हायला दीड दिवस लागणार होता. टबात पाणी पडण्याचा आवाज खिडकीतून वसतिगृहापर्यंत जायचा. शनिवारी टँकर आला नाही. आता कल्पना करा. तहानलेली दीडशे मुलं, आणि समोरच्या खोलीत दिवसभर पाणी पडल्याचा आवाज. माझ्या खिडकीखालून जाताना एक जण म्हणाला, "सरांच्या खोलीत भंडारदरा फुटलाय रं." दुसरा म्हणाला, "आन आमी कोरडे." मी त्याला आत बोलावून पिंप, टब आणि मोटर दाखवली. त्यानं नीट पाहिलं आणि म्हणाला, "सर, फिरतंय खरं. पन दिसतंय बी." त्याचंही बरोबर होतं. त्यांपैकी पुष्कळांचे आईबाप तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते, उरलेल्यांचे ऊसतोडीला गेलेले. त्या मुलांवर माझा राग तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

रविवारी सकाळी धार सुरू झाली. सोडियमची धार डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या टोकाला टंगस्टनची तापलेली तार असते, तिच्यावर अणू पडले की विजेचा बारीक प्रवाह मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर हलतो. सकाळभरात मी सहा जोड्या घेतल्या. चार जोड्यांत ठिपका हवा त्या बाजूला सरकला. दोन जोड्यांत सरकला नाही. सहातल्या चार म्हणजे काहीच नव्हे, नाणं उडवून तेवढं येतं. पण ठिपका हळूहळू स्थिर होत चालला होता, आणि दुपारनंतर उरलेल्या चौदा नीट मिळतील असं वाटत होतं. शुक्रवार संध्याकाळपासून मी घरी गेलो नव्हतो. मामांना दारात बसवलं, सांगितलं, "कोणाला आत सोडू नका, मी जेवून येतो."

परत आलो तेव्हा कडुनिंबाखाली मुलं आंघोळी करत होती. हसत होती, एकमेकांच्या पाठी चोळत होती. मला पाहून एक जण ओरडला, "सर, पानी कोमट हाय, एक नंबर." मग ओसरीवर जळक्या तेलाचा वास आला आणि मी धावलो.

पिंप रिकामं. टब रिकामा. मोटर बंद. शेगडी चालू, लाल दिवा लागलेला, आणि पंपाच्या भिंतीला हात लावता येत नव्हता. मी शेगडी बंद केली. काचेच्या नळीत वरपर्यंत तपकिरी धूर बसला होता. गॅल्व्हानोमीटरचा ठिपका पट्टीबाहेर कुठंतरी गेला होता. सोडियमचा दिवा तेवढा नेहमीसारखा पिवळा जळत होता.

मामा हात जोडून उभे होते. म्हणाले, "सर, तुमच्या परयोगाला बोट लावलं न्हाई. आईशपथ. कुनाला लावू दिलं न्हाई. फकस्त पानी काढलं."

"मोटर कोणी बंद केली?"

"मोठ्या सरांनी सांगितलं. पानीच न्हाई तर कशाला फिरवायची, लाईट जळती म्हनले."

"आणि शेगडी?"

"ती परयोगाची हाय न्हवं? तिला कसा हात लावायचा?"

मामांना ते खरंच वाटत होतं. प्रयोग म्हणजे काच, तारा, दिवे. पाणी म्हणजे पाणी. ते शेजारच्या पिंपात आहे, प्रयोगात नाही. त्यांनी पोरांना दम देऊन काचेपासून दूर ठेवलं होतं, पिंपाभोवती स्वतः उभे राहून बादल्या भरून दिल्या होत्या. मामांवर मी रागावलो नाही. त्यांनी चौथीनंतर शाळा सोडली होती.

पण रसायनशास्त्राचे प्रमुख मुलांना पंचवीस वर्षं ऊर्ध्वपातन शिकवत होते. फ्लास्क, बर्नर आणि पाण्यानं वेढलेला कंडेन्सर. पहिल्या वर्षाच्या मुलाला ते पहिल्या दिवशी काय बजावायचे, ते मी शेजारच्या प्रयोगशाळेतून दर जूनमध्ये ऐकत आलो होतो : आधी पाणी सुरू, मग बर्नर, आधी बर्नर बंद, मग पाणी. माझा पंप म्हणजे त्यांच्याच कंडेन्सरचा थोरला भाऊ होता. कॉलेजात पाणी काढलं तर काय होईल हे माझ्याखेरीज एकाच माणसाला कळत होतं, आणि पाणी त्यानंच काढवलं. मोटर बंद करायला त्याला वीज आठवली. शेगडी आठवली नाही, किंवा आठवली असेल. सतरा वर्षं झाली, यातलं कुठलं खरं ते मला ठरवता आलेलं नाही. दोन्हींचा राग मात्र सारखाच येतो.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत बसलो. प्राचार्य, ते, रेक्टर आणि मी.

"मुलं तहानलेली होती हो," प्रमुख म्हणाले. "तुमचं काय, शंभरावा भाग मिलिमीटर. आज नाही तर उद्या सरकेल."

"मुलांनी ते प्यायलं नाही," मी म्हणालो. "त्यानं आंघोळी केल्या."

"मग काय झालं? आठ दिवस त्यांच्या अंगाला पाणी नव्हतं."

"माझ्या घरातही नव्हतं. मला सांगायला माणूस पाठवला असता, तर मी येऊन शेगडी बंद केली असती. तासाभरात पंप निवला असता. मग सगळं पाणी घ्यायचं होतं."

"तुम्ही जेवत होतात. म्हटलं, कशाला उठवा."

प्राचार्य भला माणूस होता, त्याला भांडण नको होतं. तो म्हणाला, "नुकसान किती ते लिहून द्या. तेल, तार, काच. स्टॉकमध्ये मोडतोड दाखवू, भरपाई करू. तुमच्या खिशाला तोशीस लागणार नाही."

मी म्हणालो, "ते सामान कॉलेजचं होतं, त्याचं तुम्ही बघा. माझं दोनशे लिटर पाणी गेलं आहे. ते पाण्यातच परत पाहिजे. मोजून."

प्रमुख हसले. "अहो, पाणी काय मागता दुष्काळात? पैसे मागा."

"पैसे मी दिले नव्हते."

"हट्ट आहे नुसता."

"ठराव तुमचा आहे. मोजलेलं पाणी ज्याचं त्याचं. ठराव रद्द करा, मी मागणं सोडतो."

ठराव रद्द करता येईना, कारण मग प्रत्येक घरानं दुसऱ्याच्या बादलीत हात घातला असता. प्राचार्यांनी मान्य केलं : टँकर सुरळीत झाला की दोनशे लिटर मला परत.

पंपाचं तेल मुंबईहून यायचं, तेही परदेशी. चौकशी केली तर चार महिने. मी एसटीनं पुण्याला गेलो आणि मार्गदर्शकांना सहा जोड्या दाखवल्या, जशा होत्या तशा. त्यांनी एकेक जोडी तपासली. म्हणाले, "चौदा जोड्या तुम्ही घरी बसून लिहिल्या असत्या तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं," मी म्हणालो.

"सहांवर मी सही करू शकत नाही."

"मीही केली नसती."

जागा दुसऱ्याला गेली. तो मुलगा चांगला निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या उन्हाळ्यात तेल आलं, पण तोपर्यंत तार, काच, वेळ, काहीच जुळेना, आणि पुण्यात नवीन जागा निघाली नाही. मी शिकवत राहिलो. आता मासिकांत वाचतो की परदेशात सहा बाजूंनी लेसरचे झोत सोडून सोडियमचे अणू मंद करतात, इतके थंड की तशी थंडी निसर्गात कुठं सापडणार नाही, आणि मग त्यांना प्रकाशानंच धरून ठेवतात. ते मी केलं असतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे दिवा होता, त्यांच्याकडे लेसर आहे. तीस हजार धक्क्यांचा हिशेब मी विसरलेलो नाही. माझं मागणं शंभराव्या भागाचं होतं. ते खरं की खोटं, हे मला त्या दुपारी कळलं असतं. सरकलं नसतं तरी चाललं असतं. मी तसंच लिहून दिलं असतं.

ते मासिक बायकोला दाखवलं. तिनं चित्र पाहिलं, म्हणाली, "म्हणजे उजेडानं थंड होतं." आणि जरा वेळानं, "मेलं ते कोमट पाणी."

पाण्याचा टँकर जानेवारीत नियमित येऊ लागला. १४ जानेवारी १९७३, संक्रांतीचा रविवार. मामा हातगाडीवरून बादल्या घेऊन आले, तीन खेपा केल्या. मी दारात उभं राहून मोजल्या. बारा. बारा बादल्यांचे एकशे ऐंशी लिटर होतात.

"वीस कमी आहेत," मी म्हणालो.

मामा म्हणाले, "मोठे सर म्हनले, तेवढं तुमच्या परयोगात वाफ झालं आसंल."

वाफ झालेलं रोजच्या रोज मी भरत होतो, हे बैठकीत सांगितलेलं होतं. मामांच्या गाडीवर एक कळशी वेगळी होती, त्यांच्या घरून आणलेली. ती ते उतरवायला लागले, तर बायकोनं ती होती तशी भरलेलीच त्यांच्या गाडीवर परत ठेवली. सोबत प्रमुखांनी एका पुडीत तिळगूळ पाठवला होता. तो मी परत पाठवला.

त्याच दुपारी तिनं घरातल्या पाचही गोधड्या धुतल्या, आणि मग उन्हात बसून स्वतःचे केस. पाणी काटकसरीनं वापर, असं मी म्हणालो नाही. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

मिळाले एकशे ऐंशी लिटर, माझ्या बायकोला. वीस अजून यायचे आहेत.